मावशी टीव्हीवर आली

प्रिय ताई,

माझं नाव बघून तू पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वर पत्ता भाऊजींच्या नावाने घातलाय. परवा तो कार्यक्रम लागल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. भाऊजींनी तुझा निरोप तेवढा पोचवला. मी म्हणे लाज गुंडाळून ठेवली, आणि आता तू माझ्या घराची पायरी चढणार नाहीस. निरोप सांगताना बिचाऱ्यांनी इतक्यांदा 'हे तिने सांगितलंय हं' म्हटलं की मलाच त्यांची दया आली. तर आता बस, आणि राग तसाच ठेवून का होईना, पण शेवटपर्यंत वाच.

अगं, मी काय ठरवून गेले होते आणि काय झालं! टीव्हीवाल्यांनी आधीच विचारलं होतं, पडद्याआड बसवू का, आवाज बदलू का? मी नको म्हटलं. चांगला निळा झगा शिवला होता, तो काय पडद्याला दाखवायचा? समोर डॉक्टरीणबाई, पुढे बसलेली माणसं आणि डोळे दिपवणारे दिवे. घरून वाक्य घोकून नेलं होतं, 'हसले-शिंकले की मला लघवी रोखता येत नाही.' बाईंनी विचारलं, त्रास काय होतो? आणि माझ्या तोंडून काय निघावं? 'हसले की मावशी येते.'

लहानपणी पाहुण्यांसमोर 'शू' म्हणायचं नाही, असा आईचा दंडक होता. म्हणून तूच हा शब्द काढलास. आपली मावशी कशी, न कळवता यायची आणि आली की कुणाच्या बापाच्याने थांबायची नाही! तेव्हापासून आपल्या दोघींत तोच शब्द. पण डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक? त्यांनी चेहरा गंभीर केला आणि विचारलं, मावशी तुमच्याकडेच राहतात का? त्या आल्या की ताण येतो का? मी म्हटलं, नाही हो, ती खालून येते. तर त्या म्हणाल्या, म्हणजे खालच्या मजल्यावर राहतात! ताई, तिथे माझा बांध फुटला. खो खो हसत सुटले. आणि मग व्हायचं तेच झालं, सोफ्यावर, कॅमेऱ्यासमोर, नव्या निळ्या झग्यात. मी उभी राहिले आणि म्हटलं, ही बघा, आली! मग मागच्या रांगेतली एक आजी हात वर करून म्हणाली, माझ्याकडेही येते बाई. मग आणखी एक हात, मग आणखी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ह्यांनी विचारलं, मला सांगितलं नाहीस आणि कॅमेऱ्याला कसं सांगितलंस? रुसलेच होते थोडे. मी म्हटलं, अहो, कॅमेऱ्याला भुवया नसतात. घरातल्या माणसाला सांगायचं तर त्याचा चेहरा बघावा लागतो, आणि उद्या पुन्हा त्याच चेहऱ्यासमोर जेवायला बसायचं असतं. त्यांना पटलं. आता मी शिंकले की आधी तेच माझ्याकडे बघतात, मेले!

आणि माझ्या शिवणाच्या दुकानात तर मज्जाच! कालपासून बायका येतायत. त्या नेहमी करड्या कपड्यांतल्या बँकवाल्या बाई, ज्या मापं घेतानाही श्वास रोखून उभ्या राहतात, त्या कोट घेऊन आल्या. बटणं घट्ट करा म्हणाल्या. बटणं सगळी शाबूत! मी मुकाट्याने पडदा ओढला, तर हळूच म्हणाल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते व्यायाम कोणते हो? व्यायाम म्हणजे काय, लघवी रोखताना आवळतो ते खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. चित्रीकरणाला चारेक महिने झाले, तेव्हापासून मी मशीन चालवताना करतेय. कुणाला पत्ता लागत नाही. पुष्कळ फरक आहे गं. पूर्ण गेली नाही मावशी, पण आता येण्याआधी कळवते.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसून होतीस. ह्यांनी विनोद केला की ओठ घट्ट मिटायचीस, मध्येच उठून जायचीस. तू! जिच्या हसण्याने शेजारचे दार वाजवायचे! आणि तू गेल्यावर खुर्चीची उशी मला गॅलरीत धुऊन वाळत घातलेली दिसली. त्यावर चहा सांडला, असं तू जाताना म्हणाली होतीस. ताई, त्या दिवशी दूध नासलं होतं. चहा झालाच नव्हता. मग तू येणंच बंद केलंस, गुडघ्यांचं कारण सांगून. तुला समोर बसवून विचारायची माझी छाती झाली नाही. तू नाही म्हणाली असतीस आणि मग तो विषय कायमचा मिटला असता. म्हणून सगळ्या जगाला सांगितलं, त्यात तूही ऐकशील म्हणून. चेहरा लपवला असता तर तू मला ओळखलं कसं असतंस? त्या उशीला मी नवा अभ्रा शिवलाय, आत मेणकापडाचं अस्तर लावून. दोन शिवलेत, एक तुझा, एक माझा. ये ना गं. पोट दुखेपर्यंत हसू. आणि मावशी आलीच, तर येऊ दे की, तीही घरचीच आहे.

तुझीच,
खिदळी