पुलापलीकडचा लाल दिवा

ता. ५ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमची समिती अजून भांडतेच आहे. गाड्यांनी एकमेकींना बिनतारी इशारे द्यायचे, रुग्णवाहिका आली की सिग्नलनं आपणहून हिरवं व्हायचं, एवढं नदीच्या दोन्ही काठांना मान्य आहे. पण आपली यंत्रं एका लहरीवर बोलतात, पलीकडची दुसरीवर. कोणाची पद्धत घ्यायची, यावर घोडं अडलंय. काल पलीकडच्या इंजिनीअरबाईंना मी असं निरुत्तर केलं, की साहेबांनी पाठ थोपटली. तुझ्या रुग्णवाहिकेतलं यंत्र काय म्हणतंय?

लोभ आहेच, रागावलीस तरी आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १२ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

यंत्र झकास आहे. अलीकडचे सिग्नल मला मुजरा करतात. मंगळवारी मात्र कळा सुरू झालेल्या बाईला पलीकडच्या इस्पितळात नेत होते. पुलाच्या टोकाचा दिवा लालच, पुढे मालट्रक. यंत्रं आल्यापासून पुलावर भोंग्याला बंदी, त्यामुळे मागे मी आहे हे ट्रकवाल्याला कळेना. माझं यंत्र मात्र गोड आवाजात सांगत होतं, ‘रस्ता मोकळा आहे.’

बाळ तिथंच झालं आणि रडेना. नर्स झटत होती, मी नुसती आरशात बघत होते. शेवटी रडलं. आईचं रक्त फार गेलं, पण आता उठून बसते.

त्या बाईंना गप्प केल्याचं कौतुक जरा आवर. आणि वेळेवर जेव.
तुझी ताई

ता. २० जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बैठकीत सगळं सांगितलं आणि म्हटलं, “पलीकडची पद्धत घ्या, माझी हरकत नाही.” साहेबांचा चेहरा उतरला. पण त्या ट्रकवाल्याकडून पलीकडच्या इंजिनीअरबाईंनाही कळलं होतं. त्यांनी उठून आमची पद्धत मान्य केली. आता दोघं एकमेकांच्या बाजूनं, म्हणजे पुन्हा मतभेद. अध्यक्षांनी उपसमिती नेमली.

रविवारी त्या बाई आणि मी, दोघं येतो. तुझ्या गाडीत त्यांचंही यंत्र बसवतो. कोणाला विचारलेलं नाही.
तुझा धाकटा

ता. ३ जुलै
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काल छातीत कळ आलेल्या आजोबांना नेलं. पलीकडचा दिवा हिरवा झाला, ट्रक बाजूला सरले. आजोबा आज गादी टोचते म्हणून कुरकुरताहेत.

सकाळी आमच्या साहेबांनी बजावलं, की उपसमितीचा निर्णय होईपर्यंत दुसरं यंत्र काढायचं. मी म्हटलं, “काढते. एवढा पेशंट पोचवून येते.” त्यांनी मान डोलावली. अजून पोचवतेच आहे. एक उतरला की दुसरा तयार असतो.

माया अशीच असू दे.
तुझी ताई