चकचकीत बाजू खाली

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची आत्याकडे! डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला सगळं धुरकट दिसतंय. नवा चष्मा येईपर्यंत सोबत हवी, म्हणून बाबांनी मला धाडलं. आत्या खाटेवरून हुकूम सोडते, मी मुकाट ऐकते, दोघी खूश. आतोबा मागे ठेवून गेलेत जुन्या फोटोंच्या पारदर्शक स्लाइड्सची एक ट्रंक. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवणार आहे. आत्या म्हणाली, चष्मा आला की गेलेली सगळी माणसं एकदम भेटतील.

तिची खाट बैठकीच्या खोलीतच आहे. मधे खिडकी, उजवीकडे रस्त्याचं दार, डावीकडे अडगळीच्या खोलीचं. दोन्ही दारं अगदी जुळी.

४ तारीख, मंगळवार

जुगाड जमला! बुटाच्या खोक्यात टॅब्लेटचा पांढरा उजेड, वर डब्याचं दुधी झाकण, त्यावर स्लाइड. कॅमेरा टेबललॅम्पच्या दांडीला बांधून खाली तोंड करून टांगलाय. बाहेरच्या उजेडाची तिरीप नको म्हणून भरदुपारी पडदे ओढावे लागतात. स्लाइडची चकचकीत बाजू वर ठेवली की तिच्यात कॅमेराच दिसतो, म्हणून ती खाली आणि निस्तेज बाजू वर. आता चित्रं झकास येतात.

आतोबांना एकच नाद होता. खिडकीखालच्या खुर्चीत कुणाला तरी बसवायचं आणि फोटो काढायचा. आणि या घरात झाडून सगळे घड्याळ उजव्या हातात घालायचे! अजबच खानदान. एकदा आत्याला चिडवायला हवं.

६ तारीख, गुरुवार

आत्याच्या सासूबाईंच्या फोटोंत उजवीकडच्या दारात एक माणूस आहे. चेहरा अंधारात. आधी नुसती चौकटीवर बोटं. पुढच्या स्लाइडमध्ये खांदा. मग तो आत आलेला. शेवटच्या स्लाइडमध्ये त्याचा हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. त्यानंतर सासूबाईंचा फोटोच नाही. आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, त्याच आठवड्यात गेल्या, झोपेतच. आणि आतोबांखेरीज घरात पुरुषमाणूस नव्हताच.

मला आतेभावाचा संशय येतोय. त्याला हे घर विकायचंय, किल्लीही त्याच्याकडे असते. मला घाबरवून पळवायला त्याने ट्रंकेत खोट्या स्लाइड्स घुसवल्या असतील. पण एवढी अक्कल त्याच्याकडे कुठली?

७ तारीख, शुक्रवार

आज आतोबांची बहीण. तेच. दारात, मग आत, मग खुर्चीवर हात. तीही गेली.

मग आत्याच्या स्लाइड्स लावल्या. तो निम्म्या खोलीपर्यंत आलाय आणि आत्या हसतेय. तो फोटो काढल्यावर आतोबांनी कॅमेरा फोडून टाकला म्हणे, का ते कधी सांगितलं नाही. मला कळलं का ते.

८ तारीख, शनिवार

आतेभाऊ सकाळी चष्मा घेऊन आला. त्याला ती स्लाइड दाखवली. म्हणाला, मला तर कोणी दिसत नाही. थापा मारताना तो लहानपणापासून कान खाजवतो. आजही खाजवला. चहाला न थांबताच पळाला.

तो गेल्यावर रस्त्याच्या दाराला कपाट रेटून लावलं. आत्याची खाट ओढत पार डावीकडे नेली, अडगळीच्या दाराला चिकटून. त्या माणसाच्या वाटेपासून जितकी लांब तितकी बरी. आत्या कुरकुरली. कुरकुरू दे. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलंय. हिला मी काही होऊ देणार नाही.

९ तारीख, रविवार

दुपार. पडदे ओढलेले.

आत्याने चष्मा लावून फोटो पाहिले आणि हसतच सुटली. म्हणाली, घड्याळ कधी कोणी उजव्या हातात घातलं गं, सगळ्यांना उलटं करून ठेवलंस —

उलटं.

स्लाइड पालथी केली. चकचकीत बाजू वर. घड्याळ डाव्या हातात आलं. आणि तो — तो डावीकडून —

अडगळीच्या दारातून.

खाट तिथेच आहे. मीच ओढली. बाहेरची वाट कपाटाने बंद, तेही मीच — मान वळवायचा धीर होत नाही. लिहितेय, नाहीतर किंचाळेन आणि आत्या —

आत्या बोलतेय. म्हणतेय, उशी सारखी केलीस, बरं वाटलं, पण हात किती गार गं तुझे.

मी टेबलाशी आहे. मी तर इथे टेबला