राखेवरचं तीन बोटांचं पाऊल

कुरवंडे, ११ डिसेंबर १९३६, संध्याकाळ

जेवण गेलं नाही. चूक माझीच का?

कोकणातून घाट चढून कोणती जनावरं वर येतात, हे बघायला मी रोज पायवाटेवर चाळलेली राख पसरतो. आज सकाळी बिबट्याचा ठसा मिळाला. पुढचा डावा पाय, चारऐवजी तीनच बोटं. खुशीत माप घेत होतो, तर मागे वाडीतली सोनामावशी उभी. तिचा नवरा नुकताच वारला. मेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला हे कळावं म्हणून इथे रात्री पीठ पसरून टोपलीखाली झाकतात आणि सकाळी खूण बघतात. मला हे ठाऊक होतं! राख पसरताना सुचलं कसं नाही?

"घरात पिठावर काय उमटलं न्हाई," ती म्हणाली. "हितं उमटलंय."

मग तिने ठशातल्या चौथ्या बोटाच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. "ह्यांचं बी डाव्या हाताचं बोट गेलतं. कोयत्यानं."

सापळ्यात अडकून बोट तुटलं असेल, जुनी जखम असेल, असं मी काय काय समजावलं. ती माझी राखेची चाळणी बघत होती.

आत्ता दिवेलागणीला तिच्या घरावरून आलो. बिबट्याच्या धाकाने सगळ्या वाडीची दारं बंद, तिचं सताड उघडं.

"मावशी, दार लावून घ्या."

"आपल्याच मानसाला दार लावायचं व्हय?"

शेवटी मीच दार ओढून बाहेरून कडी घातली. वळलो तेव्हा दिसलं, अंगणात तिने चुलीतली राख पसरली होती. माझ्यासारखी, चाळून. तिच्यावर आता माझी पावलं आहेत.

सकाळी कडी काढायला मलाच जायचंय. ती तीन बोटं तिथे असली तर?