जांभळा दोरा

सारिका,

माझी चुलती म्हणायची, "बाई गं, रंग उन्हाला इचारावा. दिवा गोड बोलतो, ऊन खरं बोलतं." आज सकाळी ते आठवलं.

काल सेनगावच्या मॅडमनी जांभळं ब्लाऊज परत आणलं, निळ्या दोऱ्यानं शिवलंस म्हणून. तू म्हणालीस, "आत्याबाई, माझे डोळेच गेले, मशीन विकून टाका," आणि न जेवता झोपलीस. अगं, डोळे काहून जातील? मी ते रीळ मशीनवरच्या नव्या एलईडीखाली धरलं तर जांभळं दिसलं, अंगणात नेलं तर निळं. खोट त्या स्वस्तातल्या बल्बची हाय.

जमीलभाईच्या जीपनं बाळापूरला दुसरा बल्ब आणायला चालले. रीळ आणि ब्लाऊज सोबत घेतलंय. हॅलोजनमध्ये रंग बराबर दिसतो, पण तो तापतो लई. दिवसभर तुझ्या कपाळाशी शेगडी कशाला ठेवायची? रंग खरा दाखवणारा एलईडीही मिळतो म्हणे. दुकानातच लावून पाहीन, दुकानदार वैतागला तरी चालेल.

वरण झालंय. भाकरी टाक अन् आधी जेव. ब्लाऊज मी आल्यावर दोघी मिळून उसवू. तोवर मशीनला गिऱ्हाईक बघू नको.

अजून एक. तू लग्न होऊन आलीस तशी मी तुझ्या शिवणात खोड काढत आले. सासूच्या तोंडून दुसरं काही निघालं न्हाई. पण तुझी टीप माझ्यापेक्षा सरळ पडते, सारिका. तू शिवलेल्या पहिल्या झंपरापासूनच.

आत्याबाई