पायलट आता एकटा राहतो

महानगर, लखनौ

प्रिय दीप्ती,

सप्रेम जय भीम. फोनवर तू शेवटी नेहमी विचारतेस, "पायलट कसा आहे?" मी "ठीक आहे" म्हणते आणि आपण दोघी फोन ठेवतो. आज जरा सविस्तर सांगते.

तू बँकेत बदली मागून माहेरी, नागपूरला गेलीस, माझी रजा संपली आणि हजरतगंजचं ऑफिस पुन्हा सुरू झालं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी परतले तर वरच्या गीताभाभी जिन्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "दीदी, आप निकलती हैं और ये रोना शुरू कर देता है. सुना नहीं जाता." दार उघडलं. चौकट आतून कुरतडलेली, लाकडावर रक्ताचे डाग. पायलटची नखं फाटली होती. मला पाहून तो असा थरथरत होता की त्याला धड उभंही राहता येईना. एवढा मोठा कुत्रा, आणि घरात सगळीकडे शू करून ठेवलेली.

मला वाटलं, माझ्या लेकाला शोधतोय, सुगतला. अमौसी विमानतळाच्या पार्किंगमधून जॅकेटमध्ये घालून त्यानंच तर आणला होता ना! कानपूर रोडच्या धुक्यात सुगतची बाइक ट्रकखाली आली, तेव्हापासून या घरात मी आणि पायलट कशाची तरी चाहूल घेत बसायचो. खाली बाइक थांबली की पायलटचे कान उभे व्हायचे आणि माझा हात भाजी चिरता चिरता थांबायचा. कधी तो पॅसेजमध्ये रिकाम्या जागेकडे टक लावून शेपटी हलवायचा. खरं सांगू? मी भिंतीला सरकून वाट द्यायचे. भीती नाही वाटायची. बरंच वाटायचं, की कुणाला तरी तो अजून दिसतोय.

पण नखांच्या जखमा चिघळल्या, तेव्हा इथल्या कपूरथला चौकातल्या जनावरांच्या डॉक्टर अनुष्काकडे नेलं. तरुण पोरगी आहे, कानपूरची. मी म्हटलं, "मालिक के ग़म में है." तिनं मान हलवली नाही. म्हणाली, "आंटी, फोन रिकॉर्डिंग पे लगाके निकलिए. पहले देखते हैं, करता क्या है."

रविवारी सुगतचा जुना फोन कपाटावर उभा करून मी बाजारात गेले. परत येऊन बघायला बसले. दीप्ती, त्यात मी पर्स घेते, चपला घालते, आणि दाराशी वळून म्हणते, "सुगत, येते रे. दार लावून घे." अगदी सहज. मला ठाऊकच नव्हतं की मी असं म्हणते. माझाच आवाज मला परका वाटला. ते नाव ऐकताच पायलट ताडकन उठला. सुगतच्या खोलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कापायला लागला. दार बंद झालं. तो सुगतच्या खोलीत गेला नाही. माझा गाऊन तोंडात धरून ओढत दारापर्यंत आणला, त्यावर बसला आणि ओरडायला लागला. तो माझ्यासाठी रडत होता गं. मेलेल्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी पण जाणार आणि येणार नाही म्हणून.

डॉक्टर म्हणाली, त्याला एवढंच कळलंय की हे हे झालं की माणूस जातं. ती खूण पोकळ करायची. मग मी पर्स घेऊन सोफ्यावरच बसायचे. चपला घालून कुकर लावायचे. दाराबाहेर पाऊल टाकून लगेच आत यायचे, हळूहळू जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. जाताना लाड नाहीत, आल्यावर गळाभेट नाही. ऑफिसच्या वेळात गीताभाभी त्याला वर नेऊन बसवायच्या. मधे एकदा सगळं फिसकटलं, पुन्हा जिन्यापासून सुरुवात केली.

आणि नाव? मी विचारलं, तर ती म्हणाली, "नाम भी वैसे ही, आंटी. जब कहीं नहीं जाना हो, तब लीजिए."

पहिल्या दिवशी पायलटला भात कालवताना म्हटलं, सुगतला असाच दही घालून लागायचा. तो खात राहिला. मी मात्र ओट्याला धरून उभी राहिले. पुढे रोज काहीतरी सांगत गेले. आता पॅसेजमध्ये कुणी येत नाही. पहिले काही दिवस ते मला फार जड गेलं. काल ऑफिसला निघाले तेव्हा पायलटनं एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा झोपला.

हे सगळं लिहिलं, कारण परवा तुझ्या आईचा, शर्मिष्ठाताईंचा फोन आला होता. आशुतोषबद्दल त्यांनी सांगितलं. तू मला सांगायला घाबरतेस, म्हणून महिनाभर लग्नाची तारीख धरत नाहीस, हेही. तारीख धर, बेटा. मी लग्नाला येणार आहे, पायलट गीताभाभींकडे आनंदानं राहील. मांडवात माझ्यासमोर सुगतचं नाव निघालं तर कुणी कुणाला डोळ्यांनी दटावू नये, एवढं बघ. सगळं आटोपलं की एखाद्या दुपारी माझ्याजवळ बस आणि मला त्याची अशी एक गोष्ट सांग, जी फक्त तुलाच माहीत आहे. माझ्याजवळच्या आता संपत आल्यात.

तुझीच,
लखनौची आई