विभाआत्याचा उंट

दुर्गापुरा, जयपूर
रविवार, दुपारचे चार (एरवी पाणी आणायला निघायची वेळ)

चि. राजस यास,

विभाआत्याचा एक आशीर्वाद. (नेहमी अनेक असतात. उरलेले मी रोखून ठेवले आहेत, का ते पुढे वाच.) तुझी प्रकृती उत्तमच असणार, व्हिडिओत घसा चांगला खणखणीत वाजतोय. दादाची शुगर कशी आहे? वहिनीला नमस्कार सांग. इकडे तुझे काका बरे आहेत. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते सोफ्यावर बसून बरेच असतात. माझी प्रकृती विचारू नकोस. माझं डोकं फिरलेलं आहे.

हे पत्र कागदावर लिहायची वेळ आली, कारण तुझ्या चॅनेलखाली मी लिहिलेलं सगळं तू आधी पुसलंस आणि मग मला ब्लॉक केलंस. मला! तुझ्या बारशाला तुझ्या कानात नाव सांगून पाठीवर धपाटे खाल्ले ते मी. (त्यातला तुझ्या आईचा जरा जास्तच मनापासून होता.) ते राजस नाव टाकून तू 'रॅझ' झालास, तेही मी गिळलं. पण 'ऊंटसवारी'बद्दल तू जे बरळलास ते मी गिळणार नाही.

म्हणे या वर्षातला सगळ्यात भिकार गेम. का, तर संथ आहे. विहिरीवरून गावात पाणी न्यायला पाऊण तास लागतो. अरे, वाळवंट आहे ते, मॉल आहे का? उंटाचे पाय वाळूत गुडघ्यापर्यंत बुडतात म्हणे. बुडणारच, वाळू आहे. (कधीकधी दगडातही बुडतात, ते मान्य.) सूर्य मावळतच नाही म्हणे. तू मे महिन्यात जयपूरला ये, मग बोल. विहिरीवरच्या सगळ्या बायकांना एकच चेहरा आहे, तर असू दे, तुला त्यातली सून करून आणायची आहे का? आणि काय, तर उंट मनाला येईल तिथे बसतो! सांगानेरच्या रस्त्यावर खरा उंट गाडीसकट बसला होता, आमची अख्खी बस त्याच्या मर्जीसाठी ताटकळली, पण ड्रायव्हर भैयानेसुद्धा तुझ्यासारखा थयथयाट केला नाही. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिले. तू तर धड न चढताच शहाणा झालास.

आता हा गेम मला का आवडतो ते ऐक. (तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते.) आमच्या मराठी मंडळात रत्नमाला म्हणून आहे, तिचे मिस्टर जनार्दनराव रेल्वेत होते. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना फक्त 'काय, बरं आहे ना' एवढंच विचारत आलो. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिचे गुडघे गेलेले आणि आमचा तिसरा मजला. शिवाय कोणी घरी येणार म्हटलं की चादरी बदला, पोहे करा, ह्यांना शर्ट घालायला लावा. उंटावर असलं काही लागत नाही. एकीने वर बसायचं, दुसरीने दोरी धरून चालायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बोलायचं. दिवसभर भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, शेजारणीशी हिंदी, मतलब (बघ, आलंच!) जिभेला नुसता गंज चढतो. तो पाऊण तास आमचा मराठीचा असायचा. कुरकुर, चुगल्या, कढीत काय कमी पडलं, सगळं. तू ज्याला रटाळ म्हणालास ना, त्यातच आमचं सगळं चाललं होतं रे.

आणि मग गेल्या रविवारी मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. तिथल्या पोरांनी मोठ्या पडद्यावर कौतुकाने तुझा व्हिडिओ लावला. मीही कौतुकाने पुढच्या खुर्चीत बसले, माझा भाचा म्हणून चार जणींना सांगितलंसुद्धा. तर त्यात तू म्हणतोस, जगात हा गेम खेळणाऱ्या दोनच रिकामटेकड्या बायका दिसतात, आणि गेममध्ये आमच्या उंटामागून चालत टिपलेलं त्यांचं बोलणं ऐकवतोस! ऐकवलंस तर ऐकवलंस, मेल्या, नेमकं कोणतं? रत्नमाला सांगतेय की आमच्या मोनालीच्या चपात्या ताटाला आपटल्या तर ताटाला पोचा येईल. आणि मी हसतेय. मोनाली, म्हणजे तिची सून, आमच्या मागच्याच रांगेत बसली होती. सगळा हॉल हसला, ती तेवढी नाही हसली.

त्या दिवसापासून मोनालीने पिठाला हात लावलेला नाही. आता दोन्ही वेळच्या चपात्या रत्नमाला करते आणि चार वाजता, आमच्या वेळेला, ती कणीक मळत असते. फोन केला तर म्हणते, विभाताई, आता तो खेळ नको, शोभा झाली तेवढी पुरे.

या सगळ्याचा राग आहेच. पण खरा राग वेगळाच आहे, तोही सांगून टाकते. व्हिडिओ बनवताना ते बोलणं तू दहा वेळा तरी ऐकलं असशील. माझं हसणं ऐकलं असशील. लहानपणी त्याच हसण्यावर घास भरवून घ्यायचास. आणि तुला स्वतःच्या आत्याचा आवाज ओळखू आला नाही? लाज कशी वाटली नाही रे तुला!

लोभ आहेच, सध्या दाखवणार नाही.

तुझी (आता तरी ओळखलंस का?)
विभाआत्या

ता. क. मोनालीची माफी मागणारा व्हिडिओ टाक. चपात्या उत्तम असतात असं सांग. (नसतात. तरी सांग.)

ता. क. २. तुझ्या व्हिडिओतला एक मुद्दा मी वर मुद्दामच घेतला नाही. दुसऱ्या खेळाडूने खाली उभं राहून दोरी धरल्याशिवाय उंटावरून उतरता येत नाही, असं तू म्हणालास. ते खरं आहे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी रत्नमाला दोरी सोडून गेली, तेव्हापासून मी वरच आहे. गेम बंद करून चालू केला तरी वरच. उंट बसतो, उठतो, मी आपली वरच. काकांना दोरी धरायला सांगितलं, तर ते म्हणाले, राजसने कचरा म्हटलाय तो गेम, मी नाही खेळणार.

ता. क. ३. तेव्हा मुकाट्याने तो गेम पुन्हा उघड आणि हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी चारला विहिरीपाशी ये. दोरी धर. उतरल्यावर लगेच पळायचं नाही, पाणी गावात पोचवायचं आहे आणि पाऊण तास लागतो. तिथे रॅझ, फॅझ काय नाव लावायचं ते लाव. आलास की नुसती हाक मार, मी ओळखीन.