मीटरवरचे एकतीस मैल

बाबा,

तुझ्या सायकलला मोटर बसवली ती टेकडीवरच्या दुकानापर्यंत जाताना गुडघे दुखू नयेत म्हणून. मग मीटर रोज एकतीस मैल कसे दाखवतं? वाटलं, मीटरमध्ये चाकाचं माप मीच चुकीचं भरलं. दोनदा बदललं, सकाळी स्वतः चालवूनही पाहिली. मीटर बरोबर आहे.

जाऊन-येऊन एकतीस मैल म्हणजे पुलापलीकडे, विस्कॉन्सिनात, आईचं घर. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, तुम्ही दोघं रोज बोलता तरी काय? मी तिच्याशी बोलत नाही म्हणून लपवलंस? डोकंच चालत नाहीये.

मी कामावर जातेय. बॅटरी पूर्ण चार्ज केलीय. सायकलच्या मागच्या पिशवीत रूबार्बच्या आंबट देठांचा जॅम आहे. मी केलाय हे आईला सांगू नकोस. की सांगावंस? बघ बाबा, तिनं विचारलं तर सांग.

सिग्ने